ताईचं गाणं कुणी विकलं?

१

वकीलबाईंच्या कचेरीत लोक रडत येत, ओरडत येत, एखादा शिव्या घालतही येई. पण बधिर जिभेनं आजवर कुणी आलं नव्हतं.

ती गायिका थेट दाताच्या डॉक्टरांकडून आली होती. अर्धा गाल सुजलेला, रुमाल ओठाला, डोळे लाल. ती जे बोलत होती त्यातलं वकीलबाईंना अक्षर कळेना. शेवटी तिनं टेबलावरचा कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : माझं गाणं जाहिरातीत. मी दिलेलं नाही.

"बसा," वकीलबाई म्हणाल्या. "पाणी प्या. नाही, नको, सांडेल. नुसत्या बसा."

हिला सगळे धाकटी म्हणत. घरात दोघी बहिणी, ही लहान, म्हणून धाकटी. पुढं गायला लागली तेव्हा तेच नाव फलकांवर लागलं. वकीलबाई संगीतकारांच्या संघटनेच्या तक्रारी बघत. त्याआधी त्यांचं अर्धं आयुष्य घटस्फोटाच्या खटल्यांत गेलं होतं. धाकटीला त्या ओळखत नव्हत्या, पण ते गाणं त्यांना ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नव्हतं?

धाकटीची ताई शिवणकारखान्यात कामाला होती. बायकांनी कापड चोरून नेऊ नये म्हणून मालक कामाच्या वेळात दाराला बाहेरून कुलूप घालायचा. एका दुपारी आग लागली. किल्ली ज्याच्या खिशात होती तो जेवायला गेला होता. आतली एकही बाई बाहेर आली नाही. वर्षानं त्या जळक्या फाटकासमोर उभं राहून धाकटीनं ते गाणं पहिल्यांदा म्हटलं. मालकावरचा खटला अजून चालू होता, आणि प्रत्येक तारखेला कोर्टाबाहेर बायका तेच गाणं म्हणत.

वकीलबाईंनी संगणकावर जाहिरात लावली. शाळेतून आलेली एक चिमुरडी धावत जिना चढते. समोर चकचकीत तपकिरी दार. आणि धाकटीचा आवाज :

दार उघडा, दार उघडा,
आत माझी ताई आहे...

दार उघडतं. आत हसरी तरुण मुलगी, चिमुरडीची मोठी बहीण. ती तिला उचलून गरकन फिरवते. मग एक जाड पुरुषी आवाज : "एका बोटात उघडणारं दार. आपल्या माणसांसाठी."

वकीलबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जळून मेलेल्या बाईसाठी फोडलेला टाहो दारं खपवायला वापरला होता, आणि वर ती ताई हसत दार उघडत होती. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उलट उतरे.

"कुणी दिलं असेल?" त्यांनी हळूच विचारलं.

धाकटीची जीभ आता थोडी वळत होती. "ठाऊक नाही. साबणवाले आले, पुढारी आले, सगळ्यांना हाकललं मी. पण लोकांना वाटतंय मीच विकलं. सकाळी घराच्या भिंतीवर कुणीतरी रंगानं लिहून गेलंय : 'ताईचे किती मिळाले?' मला अर्थच लागेना. डॉक्टरांकडच्या टीव्हीवर ही जाहिरात बघितली तेव्हा लागला."

फोन वाजला म्हणून तिनं पाहिलं आणि तो वकीलबाईंच्या पुढं सरकवला. आगीत गेलेल्या बायकांच्या कुटुंबांच्या समितीचं पत्रक होतं. 'आमच्या मृतांचा बाजार मांडणाऱ्या गायिकेनं रविवारच्या सभेत येऊन सर्वांसमोर माफी मागावी.' खाली समितीच्या अध्यक्षांचं नाव.

"हे अध्यक्ष कोण?"

"माझे भावोजी," धाकटी म्हणाली. "ताईचा नवरा."

२

जाहिरात करणाऱ्या कंपनीच्या कचेरीत सगळं काचेचं होतं. भिंती काचेच्या, टेबल काचेचं. जाहिरातीची प्रमुख असलेली बाई वकीलबाईंना दारापर्यंत घ्यायला आली, कॉफी मागवली, आणि मुद्द्याचं सोडून सगळं बोलली.

"आमच्याकडे परवानगी आहे," ती शेवटी म्हणाली. "कुणाची, ते सांगता येणार नाही. गुप्ततेची अट आहे."

"गाणं माझ्या अशिलानं लिहिलं, गायलं. चाल तिच्या साथीदाराची. दोघांनी दिलेली नाही. मग तिसरा मालक आला कुठून?"

"आम्ही विचारल्याशिवाय काही वापरत नाही, मॅडम. आमचे वकील फार काटेकोर आहेत."

"विचारलंत ना? मग हिला का नाही विचारलंत? फोन नव्हता तिच्याकडे?"

बाईनं कपाची जागा उगाच बदलली. "गरजच नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे हे गाणं त्यांचं नाहीच. आणि हे मी म्हणत नाही." ती पुढं झुकली. "तसं ध्वनिमुद्रणच आहे आमच्याकडे. तुमच्या अशिलाच्या स्वतःच्या आवाजात."

३

"मी?" धाकटी उभीच राहिली. "मी म्हटलं गाणं माझं नाही?"

"तसं त्या म्हणतात."

"मग मी खोटी, असंच ना!"

वकीलबाईंनी तिला समजावलं नाही. पक्षकार चिडलेला असला की त्याला समजावू नये, कामाला लावावं, हा त्यांचा अनुभव. त्यांनी विचारलं, "गाण्याशी संबंध असलेली माणसं किती?"

फार नव्हती. चाल लावणारे अकॉर्डियनवाले मास्तर. ध्वनिमुद्रण करणारा स्टुडिओवाला. आणि घरचे म्हणून भावोजी.

वकीलबाईंची एक जुनी खोड होती. घटस्फोटाच्या खटल्यात नवरा-बायको एकच भांडण वेगवेगळं सांगत, आणि खरं काय ते त्या दोन सांगण्यांच्या फटीत सापडे. म्हणून त्यांनी ठरवलं, तिघांनाही एकच सांगायचं : मी ती जाहिरात पाहिलेली नाही, जरा सांगा बरं काय आहे त्यात.

मास्तर एका जुन्या इमारतीच्या तळघरात मुलांना अकॉर्डियन शिकवत. शिकवणी सुटली होती. ते भात्याला चिकटपट्टी लावत बसले होते. त्यांचं आणि धाकटीचं दोन वर्षांपूर्वी बिनसलं होतं. मानधनावरून नाही; एका मुलाखतीत ती त्यांचं नाव घ्यायला विसरली होती.

"राग आहे का तिच्यावर?" वकीलबाईंनी सरळच विचारलं.

"आहे. आणि तो माझा मी बघून घेईन. पण त्या गाण्याचं मी वाईट करीन?" मास्तरांच्या नाकपुड्या फुलल्या. "चालीची वाट लावलीय हो! शेवटचा सूर कापलाय. जिथं ती रडते तिथंच यांनी घंटी वाजवलीय. टिंग-टाँग."

"चित्र काय आहे?"

"पोरगी जिना चढते, बहीण दार उघडते. चित्राकडे कुणाचं लक्ष? माझे कान जळत होते." ते एकदम थांबले. "पण एक सांगतो. ते आमचं स्टुडिओतलं गाणं नाही. तिथं तिनं शब्द बदलला होता. 'आत माझी ताई आहे' ऐकलं की तिच्या आईला घेरी यायची, म्हणून 'आत माझं माणूस आहे' केलं. 'ताई' ती फक्त एकदाच म्हणाली. फाटकासमोर."

"ते कुणी ध्वनिमुद्रित केलं?"

मास्तरांनी चिकटपट्टी दातानं तोडली. "स्टुडिओवाल्यानं. स्वतः यंत्र घेऊन आला होता."

स्टुडिओवाला वकीलबाईंना बघताच पांढरा पडला. जाहिरात सांगताना अडखळला तरी सांगितलं त्यानं : मुलगी, जिना, मोठी बहीण, दार. मग हात जोडले.

"यंत्र माझं, हे खरं. पण मी ते गाणं विकलं असतं तर माझ्या बायकोनं मला घरात घेतलं नसतं. तिची मैत्रीण होती त्या कारखान्यात."

"प्रत कुणाकुणाला दिलीत?"

"मास्तरांना एक. आणि धाकटीच्या भावोजींना एक, घरची आठवण म्हणून. धाकटीनं स्वतः घेतली नाही. म्हणाली, मला ऐकवणार नाही."

"मला ऐकवा. अगदी शेवटपर्यंत."

त्यानं लावलं. खोलीत वारा आला, फाटकाची कुरकुर आली, गर्दीतलं खोकणं आलं, आणि मग तो आवाज. वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गाणं संपलं. टाळी कुणीच वाजवली नाही. मग एक बाई ओरडली, "हे आमचं गाणं आहे गं!" आणि धाकटीचं हुंदक्यातलं उत्तर : "हो बाई. हे गाणं माझं नाही. तुमचंच आहे सगळ्यांचं. न्या, हवं तिथं न्या."

वकीलबाई चष्मा पुसत राहिल्या. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

रडणाऱ्या बाईनं रडणाऱ्या बायांना दिलेला शब्द. तो उचलून कुणीतरी काचेच्या टेबलावर मालकीचा पुरावा म्हणून ठेवला होता.

४

भावोजींच्या घरात भिंतीवर ताईचा मोठा फोटो होता. खाली फायलींचा ढीग, कोर्टाची कागदपत्रं, पत्रकांचे गठ्ठे. माणूस उंच, आवाज भारदस्त, सभेत बोलून बोलून कमावलेला. चहा घेऊन आली त्यांची मुलगी, धाकटीची भाची. कॉलेजात असावी. तिनं वकीलबाईंपुढं कप ठेवला तो आदळूनच.

"मावशीची बाजू घ्यायला आलात?"

"ऐकायला आले."

भावोजींनी मुलीला खुणेनं बसवलं. "पोरीचा जीव होता मावशीवर. म्हणून जास्त लागलंय. मी तरी काय सांगू? ज्या दिवशी कळलं त्या दिवशी जेवलो नाही. जिच्यासाठी मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय तिच्या मरणाचं गाणं या बाईनं बाजारात नेलं."

"धाकटीनंच दिलं, हे कशावरून?"

"आवाज कुणाचा आहे?"

"मी ती जाहिरात पाहिलेली नाही अजून," वकीलबाई म्हणाल्या. "काय आहे त्यात?"

भावोजींनी डोळे मिटले. "काय असणार! एक लहान मुलगी शाळेतून येते. जिना चढते. मागं हिचं गाणं. मग म्हातारी आजी दार उघडते, हसते, तिला जवळ घेते. आणि वर म्हणे, आपल्या माणसांसाठी! कुणाची माणसं? आमची माणसं गेली, बाई. दार बंद होतं म्हणून गेली."

त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. वकीलबाईंना खात्री होती, ते पाणी खोटं नव्हतं.

भाची खिडकीबाहेर बघत होती. "मी तर पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि बंद केली," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं तेवढं पुरे झालं मला."

वकीलबाईंनी चहा संपवला, आभार मानले आणि जिना उतरल्या. खालच्या पायरीशी त्या एकदम थबकल्या. मग रस्ता ओलांडून समोरच्या टीव्हीच्या दुकानात शिरल्या, आणि जाहिरात लागेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

मुलगी. जिना. दार. मोठी बहीण.

५

"आता काय?" काचेच्या कचेरीतली बाई या वेळी दारापर्यंत आली नाही.

"एकच प्रश्न," वकीलबाई म्हणाल्या. "आजी कुठं गेली?"

बाईच्या हातातलं पेन थांबलं.

"कुठली आजी?"

"दार उघडणारी. हसरी. म्हातारी."

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?" बाई उठून दार लावून आली. "ती जाहिरात आम्ही कुठंच दाखवली नाही. आधी आजी घेतली होती. मग आमच्याच एकाच्या लक्षात आलं, गाण्यात 'ताई' स्पष्ट ऐकू येतं आणि दार उघडते आजी, लोक हसतील. म्हणून आजी काढली, नवी मुलगी घेऊन शेवट पुन्हा चित्रित केला. जुनी प्रत पुसून टाकली."

"पुसण्याआधी कुणी पाहिली?"

"आम्ही सात-आठ जण. आणि दारांच्या कंपनीचे मालक."

"बाहेरचं कुणी?"

बाईनं लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"नाव विचारत नाही मी. तुमची अट तुमच्याजवळ ठेवा. बाहेरच्या कुणी पाहिली का, एवढंच."

"परवानगी देणाऱ्यांना दाखवायची असते," बाई पुटपुटली. "ते एकदा आले होते. याच खोलीत पाहिली त्यांनी. दुसऱ्या कुणी नाही."

वकीलबाई उठल्या. "ती बाई फाटकासमोर रडत होती, ते त्या ध्वनिमुद्रणात ऐकू येतं. तुम्ही ऐकलंत?"

"हो."

"आणि तरी तुमच्या वकिलांना तो करार वाटला?"

बाई खाली मान घालून पेनाचं टोपण लावत बसली.

६

रविवारी समितीच्या सभागृहात लोखंडी खुर्च्या कमी पडल्या. म्हातारे वडील, विधुर नवरे, आईविना वाढलेली मुलं. धाकटी वकीलबाईंबरोबर आत आली तेव्हा कुजबुज थांबली आणि कुणीतरी मागून म्हणालं, "आली बघा, दारवाली." मास्तर तिच्या शेजारी येऊन बसले.

भावोजी व्यासपीठावर होते. "माफी मागायची असेल तर इथं या," ते म्हणाले.

"माफीचं नंतर बघू," वकीलबाई उठल्या. "आधी मला सांगा, जाहिरात किती जणांनी पाहिलीय?"

बहुतेक सगळे हात वर गेले.

"दार कोण उघडतं?"

"ताई!" "मोठी बहीण!" सगळीकडून उत्तर आलं. एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "आमच्या पोरींच्या वयाची आहे हो ती. बघवत नाही."

"बघवत नाहीच," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणून एका माणसानं ती टीव्हीवर कधी बघितलीच नाही. त्यांनी मला सांगितलं, दार आजी उघडते. आजीची जाहिरात खरंच होती. पण ती प्रसिद्ध झाली नाही, पुसली गेली. कंपनीबाहेरच्या एकाच माणसाला ती दाखवली होती. ज्यानं गाण्याची परवानगी दिली त्याला." त्या व्यासपीठाकडे वळल्या. "भावोजी, त्या चहाच्या वेळी तुमची मुलगी तिथंच होती. आजी म्हणालात ना?"

भावोजींनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

"म्हणाले होते," भाची पहिल्या रांगेतून म्हणाली. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात."

"मी समितीसाठी केलं," भावोजी म्हणाले. कमावलेला आवाज कुठल्या कुठं गेला होता. "ऐकून तर घ्या! ते दार आतून उघडतं. वीज गेली तरी, आग लागली तरी, एका बोटात. तसलं दार त्या कारखान्याला असतं तर ती आज घरी असती. त्यांनी मला सुरक्षेच्या मोहिमेचं प्रमुखपद देऊ केलं. गावोगाव जाऊन सांगायचं, दारं कशी असावीत. यात पाप काय केलं मी? आणि धाकटी स्वतःच म्हणाली होती, तुमचंच आहे, हवं तिथं न्या."

"पाप नसेल कदाचित," वकीलबाईंचा आवाज इतका खाली गेला होता की मागची माणसं पुढं झुकली. "दार चांगलं असेलही. मग हिला विचारायला काय झालं होतं? इथं बसलेल्या एकाला तरी विचारलंत? ती म्हणाली 'तुमचंच आहे सगळ्यांचं'. सगळ्यांचं म्हणजे तुमचं एकट्याचं, हे कुठं शिकलात? बरं, नाही विचारलंत. पण लोक हिच्यावर तुटून पडले तेव्हा 'मी दिलंय' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत? उलट पत्रक काढलंत. बायकोच्या मरणाचा मान तुम्ही घेतलात आणि त्याची शिक्षा तिच्या बहिणीला दिलीत!"

"लोक मला फाडून खातील असं वाटलं," भावोजी म्हणाले.

"म्हणून तिला पुढं केलंत."

एक म्हातारे गृहस्थ उठले, हळूहळू व्यासपीठावर गेले आणि अध्यक्षांच्या पुढ्यातली पाटी उलटी करून ठेवली. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर भावोजींना सोपं गेलं असतं.

भाची धाकटीपुढं येऊन उभी राहिली.

"मावशी, भिंतीवर ते मी लिहिलं. आदल्या रात्री बाबा म्हणाले, उद्या मावशीची जाहिरात येतेय, आईला विकलंय तिनं. मी खरं मानलं."

धाकटी खुर्चीतून उठली. सगळ्यांना वाटलं, आता ती पोरीला पोटाशी धरील. तिनं धरलं नाही.

"मला विचारायचंस गं," ती म्हणाली. "एक फोन करायचास." मग म्हणाली, "उद्या घरी ये. आज माझ्यानं बोलवत नाही."

७

जाहिरात बंद झाली. दारं बनवणाऱ्या कंपनीनं चार ओळींचं निवेदन काढलं. त्यात 'गैरसमज' हा शब्द दोनदा होता आणि 'चूक' एकदाही नव्हता. भावोजींचं प्रमुखपद निवेदनाबरोबरच गेलं. समितीनं नवा अध्यक्ष निवडला, आणि पुढच्या तारखेला कोर्टाबाहेर भावोजी एकटेच, बाजूला, झाडाखाली उभे दिसले. धाकटीनं त्यांना पाहिलं. ती बोलली नाही, पण त्यांना जा असंही कुणाला म्हणू दिलं नाही.

नुकसानभरपाईच्या दाव्यावर सही करायला ती वकीलबाईंच्या कचेरीत आली होती तेव्हा फोन आला. काचेच्या कचेरीतली बाई. वकीलबाईंनी आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला.

"झालं त्याचं फार वाईट वाटतंय," बाई म्हणाली. "पण आता एक गोष्ट चांगली झाली. गाण्याची मालकी स्पष्ट झाली. गाणं तुमचंच आहे, यात वाद नाही. तेव्हा कंपनीची इच्छा आहे की आता तुमच्याशीच रीतसर करार करावा. तीच जाहिरात, या वेळी तुमच्या नावासकट. लोकांना आता ही सगळी हकीकत माहीत झालीय, त्यामुळे परिणाम उलट जास्तच होईल."

वकीलबाईंनी फोन बंद करायला हात पुढं केला. धाकटीनं तो धरून बाजूला ठेवला.

"तुम्ही मला विचारताय?" तिनं विचारलं.

"हो, अगदी रीतसर."

"माझं उत्तर नाही असं आहे."

"घाई नाही, मॅडम. विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या."

"ताई गेल्यापासून मी त्या गाण्याचाच विचार करतेय," धाकटी म्हणाली. "तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत. ऐकू आलं ना? नाही."

पलीकडून काहीतरी सुरू झालं होतं. धाकटीनं ते पूर्ण होऊ दिलं नाही. फोन ठेवला, दाव्याचे कागद पुढं ओढले आणि विचारलं, "सही कुठं करू?"